दोन डोळ्यांची करामत

नमस्कार, श्रोतेहो.

ऐकता ऐकता एक करून पाहा. तर्जनी नाकासमोर वीतभर अंतरावर धरा आणि नजर पलीकडच्या कडुनिंबावर ठेवा. आता एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. बोट झाडाच्या या अंगाहून त्या अंगाला उडी मारतं. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसतात. जवळ काय नि लांब काय, हे मेंदू त्यांच्यातल्या फरकावरून ओळखतो.

इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी हे १८३८ साली मांडलं. एकाच वस्तूची दोन किंचित वेगळी रेखाचित्रं त्यांनी आरशांतून एकेका डोळ्याला दाखवली, आणि कागदावरची सपाट आकृती जणू उठून उभी राहिली. फोटोग्राफी तेव्हा जगापुढे आलीही नव्हती! आजच्या व्हीआर चष्म्यात, म्हणजे डोळ्यांपुढे संगणकाचं आभासी जग उभं करणाऱ्या चष्म्यात, हीच युक्ती आहे.

१९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचं यंत्र दाखवलं. छताला लटकलेला दांडा मान कुठे वळली ते संगणकाला कळवायचा, त्यामुळे मानेबरोबर चित्रही बदलायचं. अर्धपारदर्शक आरशांतून समोरची खोली दिसायची, आणि खोलीत तरंगणारा रेषांचा ठोकळाही. खऱ्या जगावर चित्र चढवणं, ज्याला आज एआर म्हणतात, ते हेच.

मला मात्र सर्वांत मोलाचं वाटतं ते बोइंग कंपनीतलं काम. विमानातल्या तारांचे भलेमोठे जुडगे बांधणाऱ्या कामगाराला कोणती तार कुठून न्यायची हे चष्म्यातच दिसावं, अशी कल्पना १९९० च्या सुमारास टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी पुढे आणली. हात मोकळे, नजर कामावर.

आता आपली विहीर आठवा. रात्री लाइन येते, वावरात चिखल, मोटरपंप सुरू होत नाही, आणि स्टार्टरची पेटी उघडणारा पोरगा नुसतं बघून बघून शिकलेला. वैमानिकांना जमिनीवरच शिकवणारं एडविन लिंक यांचं नकली विमान १९२९ सालीच तयार झालं होतं. तिथे चुकलं तरी जीव जात नसे. मग तालुक्याच्या आयटीआयमधल्या पोरांना करंट नसलेली पेटी चष्म्यात का उघडू देऊ नये? हेडसेट महाग आहेत, खरं आहे. पण गुगलने २०१४ मध्ये पुठ्ठा, दोन भिंगं आणि खिशातला मोबाइल एवढ्यावर काम भागवून दाखवलं. आपल्याला हवेत ते मराठीतले धडे, आणि तेही गावच्या वायरमनच्या बोलीत: आधी मेन स्विच पाड, टेस्टर लावून पाहा, मग झाकणाला हात लाव.