लादी मधोमध पांढरी का असती?

नमस्कार मंडळी. मागं ऐकू येतंय ना? बरं.

आत्ता ओळख करून देताना मला 'प्रवासी' म्हटलं, खरं मी प्रवासी नव्हे ओ, माझा धंदा फ्रीज-एसी रिपेरीचा. तीस वर्षं झाली, बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात फिरतोय, इथं बसलेल्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरी गॅस भरून गेलेला असणार मी. आणि त्याच्या आधी माझे बाबा बर्फाच्या कारखान्यात होते. त्यामुळं लडाखातलं पँगाँगचं गोठलेलं तळं बघायला मी जो गेलो तो डोंगर बघायला नव्हे, बर्फ बघायला गेलो. आणि आज बोलणार तेही बर्फावरच.

बर्फाची लादी तुम्ही सगळ्यांनी बघितलीय. लग्नात मठ्ठ्याच्या पिंपात टाकायला आणतात, चोर्ल्याच्या घाटातनं गोव्याची मासळी येती तिच्यावर फोडून घालतात, आणि घरात कुणी गेलं नि मुंबईचा मुलगा पोचायचा असला की रात्री अकराला कारखान्याचं दार वाजवून न्यायची तीही लादीच. ती लादी कडेनं काचेसारखी असती आणि मधोमध पांढरी, आत चुन्याची कांडी बसवल्यासारखी. मी लहान असताना बाबांना विचारलं होतं, हे पांढरं काय आहे? तर ते म्हणाले, पाण्याला जे नको होतं ते सगळं तिथं गोळा झालंय.

हे वाक्य मी पुढं शिकताना पुस्तकात शोधलं, ते तंतोतंत खरं निघालं. कारखान्यात काय करतात, मोठी टाकी असती मिठाच्या पाण्याची, ती उणे दहाच्या आसपास थंड ठेवतात, मीठ असल्यामुळं ते पाणी स्वतः गोठत नाही, आणि त्यात साध्या पाण्यानं भरलेले पत्र्याचे कॅन सोडतात. कॅनमधलं पाणी कडेनं आत गोठत जातंय. आता बर्फाचा स्फटिक म्हणजे पाण्याच्या रेणूंची घट्ट जाळी, तिच्यात हवेला, मिठाला जवळजवळ जागाच नाही. म्हणून बर्फ पुढं सरकतो तसा विरघळलेली हवा, क्षार, सगळं पुढं ढकलत नेतो, आणि शेवटी मधोमध कोंडून ते पांढरं होऊन बसतंय. आणि मधला भागच गोठायला सगळ्यात जास्त वेळ घेतोय, का, तर भोवतीचा बर्फच थंडी आत जाऊ देत नाही. एवढं डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

आमचा भाचा फौजेत आहे. आपल्याकडं फौजी नाही असं घर विरळा, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटरच बेळगावात. त्याची लडाखात ड्यूटी होती, सुट्टीवर आला की म्हणायचा, मामा, उन्हाळ्यात सगळं जग येतंय, तुम्ही जानेवारी-फेब्रुवारीत या, तुमच्या कामाचं तेव्हा आहे. शेवटी गेलो. लेहमध्ये उतरल्यावर तीन दिवस नुसतं झोपून, गरम पाणी पीत काढले. हे मी तुम्हाला कळकळीनं सांगतोय, बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे आणि लेह साडेतीन हजारावर, विमान तुम्हाला काही तासांत नेतंय पण रक्त तासांत बदलत नाही. आमच्याबरोबरच्या एकाला गाडीवाल्यानं 'काही होत नाही' म्हणून दुसऱ्याच दिवशी वर नेला, तो माणूस चांग ला खिंडीत ओकून ओकून अर्धा झाला, तळं न बघता परत आला. घाई करू नका.

चांग ला पाच हजार मीटरच्या वर आहे. तो उतरून तळ्याकाठच्या लुकुंगला पोचलो, पुढं स्पांगमिक गाव, तिथं राहिलो. पँगाँग तळं सव्वाचार हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे, लांबी सव्वाशे किलोमीटरच्या वर आणि रुंदी जास्तीत जास्त पाचच, म्हणजे तळं कसलं, पाण्याचा लांब पट्टाच, त्याचा साधारण तिसरा हिस्सा आपल्याकडं आणि बाकी तिबेटाकडं. पाणी खारट. खारट असूनही थंडीत सगळं गोठतंय. २०२३ च्या फेब्रुवारीत त्या बर्फावर लुकुंगपासून मान गावापर्यंत २१ किलोमीटरची शर्यत धावले लोक, तापणाऱ्या हवेकडं लक्ष वेधायला म्हणून, तिला नावच 'लास्ट रन' दिलेलं.

मी पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा घाबरलो. का, तर खाली काही दिसेना, काळं. आपल्या डोक्यात बर्फ म्हणजे पांढरा, आणि इथं काळी काच. भाचा म्हणाला काळाच चांगला, पांढऱ्याला भ्या. त्याचं बरोबर होतं, निखळ स्वच्छ बर्फातनं उजेड आरपार जातोय आणि खालचा अंधार दिसतोय, म्हणून काळा. पांढरा म्हणजे आत हवा, किंवा वरचा बर्फ भिजून पुन्हा गोठलेला, त्याची ताकद अर्धीच धरायची. स्वच्छ बर्फ निदान १० सेंटिमीटर असला तर माणसानं चालायचं, आणि तेही गावातला माणूस पुढं असताना, ओढ्याचं पाणी जिथं तळ्याला मिळतंय तिकडं मुळीच जायचं नाही.

इतका स्वच्छ बर्फ तिथंच का? लेहला वर्षभरात मिळून पाऊस-बर्फ पडतोय तो साधारण १०० मिलिमीटर. आपल्या कणकुंबीत जुलैमध्ये तेवढा एका दिवसात पडून मोकळा होतोय. त्यात वारा असा की पडलेला भुगाही झाडून नेतोय. म्हणून तळ्यावर गोधडी नाही, उघडी काच आहे.

मग मी पोटावर झोपलो. खरंच झोपलो, गोणपाट अंथरून, डोळ्याला हातांचा आडोसा करून खाली बघत राहिलो. बाबांची लादी कडेनं आत गोठती, तळं वरनं खाली गोठतंय, एवढाच फरक. आणि त्या काचेत बुडबुडे. नाण्यासारखे चपटे, एकाखाली एक, मध्ये बोटभर अंतर, जणू कुणी खाली खाली रचत गेलंय. बर्फ खाली वाढतोय, नको असलेली हवा खाली ढकलतोय, थंडी वाढली की पटकन वाढतोय आणि त्या घाईत बुडबुडा अडकून पडतोय, मग पुन्हा संथ, मग पुन्हा घाई. मला पांढरी कांडी माहीत होती, तिचा असा पाढा होऊन उभा राहिलेला मी पहिल्यांदा बघत होतो. रशियातल्या बैकलमध्ये आणि कॅनडातल्या अब्राहम लेकमध्ये असेच थर दिसतात, पण तिथं तळाशी कुजणाऱ्या गाळातला मिथेन वर येऊन अडकतोय. त्यातलं अब्राहम लेक तर धरण आहे, १९७२ चं, आपल्या हिडकलसारखं माणसानं अडवलेलं पाणी.

आता तळं वरनंच का गोठतंय, खालनं का नाही? पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतंय. गोड्या पाण्याचं तळं गार व्हायला लागलं की वरचं पाणी जड होऊन खाली बसतंय, खालचं वर येतंय, सगळं ४ अंशावर आलं की हे ढवळणं थांबतं. त्यापेक्षा गार पाणी हलकं, ते वरच राहतंय आणि तिथंच गोठतंय, आणि बर्फ पाण्यापेक्षा साधारण ८ टक्के हलका म्हणून तरंगतोय. खारट पाण्याचे हे आकडे थोडे खाली सरकतात, पण गोष्ट तीच. झाकण एकदा बसलं की खालचं पाणी वाचलं. जाड झाकण म्हणजे हळू गोठणं, लादीच्या पोटासारखं.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. तुम्ही दीड टनाचा एसी म्हणता ना, त्यातला टन हा बर्फाचा टन आहे. २४ तासात एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो, बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागती तेवढी ओढून काढणारं मशिन म्हणजे १ टनाचं. आता हिशेब बघा. एक चौरस मीटर पाण्यावर १० सेंटिमीटर बर्फ म्हणजे ९२ किलो. माझं १ टनाचं मशिन ते गोठवायला जवळजवळ अडीच तास घेणार. एक चौरस किलोमीटरला १० लाख मशिनं लागतील, अडीच तास. आणि पँगाँग शेकडो चौरस किलोमीटर आहे, तिथं बर्फ १० सेंटिमीटरवर थांबत नाही. मी हा हिशेब तिथं बुखारीपाशी, म्हणजे खोलीतल्या शेगडीपाशी, बसून वहीत केला आणि वही मिटून बाहेर जाऊन उभा राहिलो. कॉम्प्रेसर नाही, आवाज नाही, नुसतं उघडं आभाळ उष्णता ओढून घेतंय.

आवाज नाही म्हटलं, खरं आवाज आहेच, तो वेगळा. त्याच्यावर येतो.

भेगांचं आधी. रात्री उणे वीसच्या खाली गेलं की बर्फ आकसतोय. एक किलोमीटर बर्फ १० अंशांनी गार झाला तर साधारण अर्धा मीटर आखडतो, मग तो फाटतो. फटीत पाणी चढतंय, गोठतंय. सकाळी ऊन लागलं की तो फुगतो, आता जागा कुठं आहे, फट तर भरली. मग दोन्हीकडचे तुकडे एकमेकांवर चढतात, आणि कमरेएवढा बांध उभा राहतोय, निळ्या-हिरव्या काचांचा, शेताच्या बांधासारखा सरळ लांबवर गेलेला. त्यातला एक तुकडा मी उन्हाच्या समोर धरला, हाताच्या पंज्याएवढा, आतनं एक केस सुद्धा पांढरा नव्हता. जिभेला लावला. खारट नाही. शेजारच्या फटीत बोट बुडवून चाखलं, खारट. मिठाला जाळीत जागा नाही, बाबा म्हणाले तेच.

किनाऱ्याजवळ काळे खडे बर्फात विती-विती खोल रुतलेले होते, वरनं ड्रिलनं पाडल्यासारखी गोल भोकं. काळा खडा ऊन पितोय, तापतोय, खाली जातोय. एका भोकात वेफर्सचं पाकीट होतं, तेही तसंच उतरत चाललेलं, उन्हाळ्यात ते पाण्यात जाणार. मी हात घालून काढलं, दोन बोटं दुपारपर्यंत दुखली. बैकलमध्ये मात्र उलटं होतंय, तिथं सपाट दगड बर्फाच्या बारीक दांड्यावर वर उचलून धरलेला असतोय. २०२१ मध्ये फ्रान्सच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत ते करून दाखवलं, कोरड्या थंडीत बर्फ न वितळता थेट वाफ होऊन उडतोय, दगडाच्या सावलीतला तेवढा राहतोय, म्हणून दांडा. तुमच्या फ्रीजरमधले जुने बर्फाचे तुकडे बारके होतात ना, तेच.

एक प्रश्न इथं हमखास येतो, पक्षी कुठं जातात. त्याचं उत्तर तर आपल्या उंबऱ्यात आहे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले ते हंस, तिबेट, मंगोलिया, लडाखच्या तळ्यांवर अंडी घालतात, आणि थंडीत आपल्या गदगजवळच्या मागडीच्या तळ्यात येऊन राहतात, शेतात चरतात. मी बर्फावर पालथा पडलो होतो त्याच दिवसांत ते मागडीत पोहत होते. कधी गेला नसाल तर थंडीत पहाटे जावा, बेळगावातनं एका दिवसात होतंय.

तर आवाज. रात्री जेवून बाहेर आलो. तळं बोलत होतं. लांबनं 'प्यूंव' असा, चाबूक ओढल्यासारखा, मग खालनं ढोलासारखा. भेग पडली की तिचे कंप बर्फाच्या पत्र्यातनं पळतात, त्यात बारीक स्वर जोरात पळतोय आणि जाड मागनं येतोय, म्हणून लांब उभा असलेल्याला आधी किंचाळी आणि मग घुमणं ऐकू येतंय. हे कारण मला नंतर समजलं, त्या रात्री नुसतेच केस उभे राहिले होते. हातमोजा काढून मोबाइलवर रेकॉर्ड केलं, बॅटरी थंडीनं मरायच्या आत मिनिटभर मिळालं.

बाबा आता ८० च्या पुढं आहेत, ऐकायला कमी येतंय. गावी आल्यावर आवाज मोठा करून मोबाइल त्यांच्या कानाला लावला, काय आहे ते सांगितलं नाही. कॅन टाकीतनं वर काढला की लादी सुटावी म्हणून तो साध्या पाण्यात बुडवायचे, तेव्हा लादीतनं तड-तड आवाज यायचा, तो त्यांनी चाळीस वर्षं ऐकलाय. मिनिटभर ऐकलं त्यांनी, डोळे मिटून. मग मोबाइल खाली ठेवला आणि मला विचारलं, "केवढा कॅन होता रे?"