सेवांमधला करार कोणाच्या ताब्यात?

आजच्या व्याख्यानाचा जाहीर विषय ‘मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरून सेवाभिमुख व्यवसाय प्रणालींची उभारणी’ असा आहे आणि त्या उभारणीकडे मी येणारच आहे. परंतु गेली कित्येक वर्षे मनात ठाण मांडून बसलेले एक मत मांडल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. घटकांचे परवाने मुक्त आहेत एवढ्याने प्रणाली मुक्त होत नाही. सेवा म्हणजे एकेक काम सांभाळणारा स्वतंत्र प्रोग्राम; अशा दोन सेवांमधला करार, म्हणजे कोणती माहिती मागायची, ती कोणत्या रूपात द्यायची आणि बिघाड झाल्यास काय कळवायचे, हा खुल्या स्वरूपात लिहिलेला आणि आपल्या ताब्यात असावा लागतो.

इतिहास आपणा सर्वांना ठाऊक आहे. २००० साली सेवांमधल्या संदेशांचे स्वरूप ठरवणारे सोप १.१ आले, पुढच्याच वर्षी सेवेचे वर्णन करणारी डब्ल्यूएसडीएल १.१ ही भाषा आली, आणि जगभरच्या सेवांची यूडीडीआय ही सार्वजनिक नोंदवहीही उघडली गेली. यंत्रे त्या नोंदवहीत परस्परांना शोधून व्यवहार ठरवतील, अशी कल्पना होती. ओळखीशिवाय माणसांनाही उधारी मिळत नाही, हे बहुधा कोणाच्या लक्षात आले नसावे. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि एसएपी चालवत असलेली ती नोंदवही २००६ च्या आरंभी बंद झाली.

टिकली ती ‘सर्व्हिस बस’, म्हणजे प्रणालींना जोडणारे मधले सॉफ्टवेअर, आणि माझी तक्रार तिच्याचविषयी आहे. एका संस्थेत मागणी, साठा आणि बिल अशा तीन प्रणाली होत्या व त्यांना जोडण्यासाठी एक बंदिस्त सर्व्हिस बस विकत घेतलेली होती. संदेश पोहोचवणे आणि त्याचे स्वरूप बदलणे एवढेच तिचे काम. एके दिवशी जुन्या ग्राहकांच्या सवलतीचा नियम बदलायचा होता. बिलाच्या प्रणालीत हात घालायचा तर तीन सह्या लागत, संदेशाचा मार्ग दाखवणाऱ्या बसच्या आकृतीत एक चौकोन, म्हणजे एक नियम, वाढवायला एकही लागत नसे. चौकोन वाढला. मग दुसरा, मग तिसरा. काही वर्षांनी अशी स्थिती आली की, कोणाला किती सवलत मिळते हे मागणीची प्रणाली सांगू शकत नव्हती, बिलाची सांगू शकत नव्हती आणि ज्यांनी चौकोन आखले ते नोकरी सोडून गेले होते. देखभाल कराराच्या नूतनीकरणाचा आकडा पाहून संस्थेने बस बदलायचे ठरवले, तेव्हा त्या आकृत्या पुरवठादाराच्या साधनाखेरीज कशातच उघडत नाहीत असे आढळले. अखेर एका बाजूने खोट्या मागण्या आत सोडायच्या आणि दुसऱ्या बाजूने निघालेली बिले तपासायची, अशा रीतीने संस्थेने स्वतःचेच धोरण शोधून काढले. मी ते पाहत होतो. त्या उद्योगाला सर्वजण गांभीर्याने ‘विश्लेषण’ म्हणत होते.

मुक्त स्रोत बस घेतली असती तर हे टळले असते, असे कोणी म्हणेल. टळले नसते. सर्व्हिसमिक्स किंवा म्यूल या मुक्त स्रोत बसमध्येही नियम तितक्याच सहज पुरून ठेवता येतात. फरक नंतर पडतो: अपाची कॅमल या मुक्त स्रोत जोडणी-साधनातला संदेशाचा मार्ग साध्या मजकुरात लिहिता येतो, गिटमध्ये ठेवता येतो, कोणी कधी काय बदलले ते दिसते, आणि पुरवठादार निघून गेला तरी तो वाचणारा दुसरा कोणी सापडतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उभारणी उरलेल्या वेळात बसवतो. आधी ओपनएपीआय या खुल्या वर्णनपद्धतीत करार लिहावा, मग सेवा. आणि दोन्ही बाजू तो पाळतात का, हे पॅक्टसारख्या साधनाने प्रत्येक बदलागणिक तपासावे. प्रत्येक सेवेचा डेटाबेस स्वतंत्र असावा, त्यासाठी पोस्टग्रेस पुरतो, आणि एकीने दुसरीच्या टेबलांत डोकावू नये. ज्या कामाचे उत्तर तातडीने नको ते रॅबिटएमक्यू या संदेशवाहकाच्या रांगेत टाकावे; जुने संदेश पुन्हा वाचावे लागणार असतील तर ते जपून ठेवणारा काफ्का घ्यावा. एकच संदेश दोनदा येणार हे गृहीत धरून प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि तो आधी येऊन गेला आहे का ते पाहावे, अन्यथा एका मागणीची दोन बिले निघतात. संस्थेतील संवादाची रचनाच तिच्या प्रणालीत उतरते, हे मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवले आहे; म्हणून तीन विभागांच्या संस्थेने चाळीस सेवा करण्यापूर्वी त्यांची राखण कोण करणार ते ठरवावे.

परवान्याचे दोन शब्दांत. शोधासाठीच्या इलॅस्टिकसर्चचा खुला परवाना २०२१ मध्ये, सर्व्हर वगैरे उभारणाऱ्या टेराफॉर्मचा २०२३ मध्ये आणि माहिती झटपट पुरवणाऱ्या रेडिसचा २०२४ मध्ये बदलून अधिक बंधनांचा झाला. तिन्हींच्या मागे एकेक कंपनी होती. त्यांच्या आधीच्या खुल्या कोडमधून अनुक्रमे ओपनसर्च, ओपनटोफू आणि व्हॅल्की या स्वतंत्र शाखा निघाल्या, त्यामुळे कोणी उघड्यावर पडले नाही, पण ज्यांनी शाखा धरली त्यांना स्थलांतराची मेहनत चुकली नाही. म्हणून शक्य तेथे अपाचीसारख्या ना-नफा प्रतिष्ठानाकडे असलेले घटक निवडावेत. त्यांनाही त्रुटी चुकत नाहीत: डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या अपाचीच्या, प्रोग्रामच्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीमधली त्रुटी उघड झाली, तेव्हा ती लायब्ररी आपल्याकडे कुठे कुठे दडली आहे हे शोधण्यातच अनेकांचा वेळ गेला, घटकांची यादी पहिल्या दिवसापासून ठेवावी ती यासाठी. प्रोमिथियसने देखरेख आणि कीक्लोकने ओळखपडताळणी हे दोन मुद्दे राहिले, ते प्रश्नोत्तरांत घेऊ.