पुन्हा पाच वर्षं

(दृश्य : पहाटेची गल्ली. कव्हर घातलेली छोटी गाडी. एक वृद्ध हात कव्हरची गाठ सोडतो.)

प्रतापनगर, नागपूर. सकाळचे सहा. मे महिना आहे, म्हणून जे काय करायचं ते आत्ताच. आठनंतर पत्र्याला हात लावता येत नाही.

बाबा कव्हर काढतात. आधी पुढची गाठ, मग मागची. कव्हरची घडी ओट्यावर ठेवून बॉनेट उघडतात. डिपस्टिक पुसून ऑइल बघतात, रेडिएटरमध्ये पाणी बघतात. मग आत बसून चोक ओढतात आणि सेल्फ मारतात. पहिल्यांदा नुसता घरघराट. दुसऱ्यांदा गाडी चालू होते.

मारुती 800. पांढरी. पासिंग एमएच 31. 1996 च्या गुढीपाडव्याला ही आमच्या दारात आली, तेव्हा मी सातवीत होतो. आमच्या गल्लीतली ती दुसरी कार. बाबा सिव्हिल लाइन्समधल्या महालेखाकार कार्यालयात हिशेब तपासायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी एक लांबोडकी वही घातली: तारीख, किलोमीटर, पेट्रोल, खर्च. आज तिसरी वही चालू आहे.

मार्च 2026 मध्ये या गाडीच्या नोंदणीची मुदत संपते. ती वाढवायची की गाडी मोडीत काढायची, हा प्रश्न आमच्या घरात गेले कित्येक महिने जेवणाच्या ताटाशी येऊन बसतो आहे. त्या महिन्यांचं हे चित्रण.

(दृश्य : आरसीची घडी पडलेली प्रत. त्यावरचे शिक्के.)

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मलाही होता. पंधरा वर्षं झाली की गाडी बेकायदा होते, असं अर्धं नागपूर समजतं. दिल्लीत न्यायालयाच्या आणि हरित न्यायाधिकरणाच्या आदेशांमुळे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, त्याच्या बातम्या इथे वाचून लोकांनी आपापल्या गाड्या फुंकून टाकल्या. नागपूरला तो आदेश लागू नाही. आपल्याकडे खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवायची, शुल्क आणि पर्यावरण कर भरायचा, गाडी धडधाकट दिसली तर आणखी पाच वर्षं मिळतात. आमच्या गाडीने ही वारी 2011, 2016 आणि 2021 अशी तीनदा केली.

2021 मध्ये बाबांनी नूतनीकरणाचं शुल्क भरलं 600 रुपये. वहीत नोंद आहे. 1 एप्रिल 2022 पासून कारसाठी तेच शुल्क 5,000 रुपये झालं. आणि आमचं चित्रण सुरू असतानाच, ऑगस्ट 2025 मध्ये, वीस वर्षांवरच्या कारसाठी ते 10,000 रुपये करण्यात आलं. बाबांनी पेपर वाचला, चष्मा काढून ठेवला आणि वहीच्या शेवटच्या पानावर तो आकडा लिहिला. बोलले काहीच नाहीत.

सरकारचा हेतू लपलेला नाही. स्वेच्छेने वाहन मोडीत काढण्याचं धोरण 2021 मध्ये आलं. ते आणणारे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी आमच्याच शहराचे खासदार. जुनी गाडी ठेवणं महाग करायचं आणि सोडणं सोपं, असा त्याचा आराखडा. अधिकृत स्क्रॅप केंद्रात गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला, मिळतं. ते दाखवून नवी खासगी गाडी घेतली तर मोटार वाहन करात 25 टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात किती द्यायची, ते राज्य ठरवतं.

आमच्या शेजारच्या काकूंनी हा रस्ता धरला. काका गेल्यानंतर त्यांची बजाज चेतक पोर्चमध्येच उभी होती. टू-स्ट्रोक, आडवी करून किक मारायची जात. घरात चालवणारं कोणी उरलं नव्हतं. काकूंनी ती अधिकृत केंद्रात दिली, नोंदणी रद्द करून घेतली, कागद फाइलला लावला. माझ्या मते त्यांनी योग्य केलं. अशी गाडी गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊन मोकळं होणारे पुष्कळ आहेत, पण तेव्हा आरसी आपल्याच नावावर राहते. उद्या त्या नंबरची पाटी दुसऱ्या गाडीवर चढली, तर पोलीस आपलंच दार वाजवतात.

(दृश्य : गॅरेज. कडुलिंबाखाली तीन गाड्या. पाना, फडकं, रॉकेलचा डबा.)

आता गाडी जिथे खरी तपासली जाते, तिथे जाऊ.

आमचे मिस्त्री काका सत्तरीला टेकले आहेत. त्यांच्याकडे संगणक नाही. एक लांब स्क्रू ड्रायव्हर आहे. त्याचं टोक चालू इंजिनाला लावायचं आणि मूठ कानाला. डोळे मिटून ऐकतात.

"इंजिनले काई नाई झालं, भाऊ. तीन सिलिंडर, सातशे शहाण्णव सीसी. याच्याइतकं साधं इंजिन तुमाले पाहाले नाई भेटणार."

सुटे भाग मिळतात का, हा पहिला प्रश्न कोणीही विचारेल. मारुती 800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं. पण देशात या गाड्या 25 लाखांहून अधिक विकल्या गेल्या, आणि याच 796 सीसी इंजिनावर ओम्नी 2019 पर्यंत येत होती. त्यामुळे पॉइंट, कंडेन्सर, क्लच प्लेट, टायमिंग बेल्ट, हेड गॅस्केट, सगळं मिळतं. अडतं ते भलतीकडे. दाराचं बीडिंग. काचेचा रबर. 145/70 मापाचे बारा इंची टायर, जे दुकानदाराला आता मागवून घ्यावे लागतात.

आणि कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा भाग, उघडून बसवणारा हात. काकांकडे दोन पोरं कामाला आहेत, दोघंही हुशार. स्कॅनर लावून नव्या गाडीचा दोष ते पाच मिनिटांत सांगतात. कार्बोरेटर आला की मात्र काकांना हाक मारतात. फ्लोटची उंची डोळ्याने आणि आयडलिंगचा स्क्रू आवाजावर लावणं शिकायला पाच-सात वर्षं जातात, आणि शिकून झाल्यावर ते काम घेऊन येणाऱ्या गाड्या किती उरतील? पोरांनी शिकू नये यात त्यांची काही चूक नाही. मला मात्र त्या गॅरेजमध्ये उभं राहून फार वाईट वाटतं.

नागपूरचं ऊन हे या गाडीचं अर्धं चरित्र आहे. 23 मे 2013 ला इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा दुपारी व्हरायटी चौकात सिग्नलला गाडी थांबली की गाडीच्या इंधनपंपातच पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ओढत राहतो, कार्बोरेटरला पेट्रोल पोचत नाही, गाडी बंद. मागून हॉर्न. बाबा शांतपणे उतरतात, डिकीतून पाण्याची बाटली आणि फडकं काढतात, ओलं फडकं पंपावर ठेवतात आणि पाच मिनिटं थांबतात. गाडी सुरू. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. बाबा उतरले की मी सीटवर खाली सरकून बसायचो.

"कोकणात खारी हवा पत्रा खाते," काका म्हणाले, "आपल्या इकडं ऊन रबर खाते. अन् रबर गेला का मग पत्राबी जाते."

हे त्यांनी समजावून सांगितलं तसंच सांगतो, कारण जुनी गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे तपासायला हवं. उन्हाने समोरच्या काचेचा रबर कडक होतो, त्याला बारीक चिरा जातात. जूनमध्ये पाऊस लागला की त्या चिरांतून पाणी डॅशबोर्डामागून खाली उतरतं. वरचं मॅटिंग दोन दिवसांत वाळतं, पण त्याखालचा नमदा महिनाभर ओला राहतो. वरून गाडी चकाचक, आणि तळाचा पत्रा आतून सडत असतो. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. तळ, दाराखालची पट्टी, छत, सगळं मिळूनच गाडीचा सांगाडा. म्हणून इंजिन परवडतं, पत्रा परवडत नाही.

(दृश्य : जुलै. पाऊस. गाडीतल्या सीटा काढलेल्या. मॅटिंग उलटवलं जातं.)

जुलैत काकांनी सीटा काढल्या. मॅटिंग उचललं, नमदा फाडला. मग तोच स्क्रू ड्रायव्हर घेऊन तळावर ठोकत गेले. टण. टण. टण. ड्रायव्हरच्या टाचेपाशी आवाज बदलला. थप्. टोक आरपार गेलं, आणि त्या भोकातून खालची ओली जमीन दिसली.

बाबा वाकून बघत होते. "किती आहे?"

"एक वीत. बाजूचा पत्रा चांगला हाय, सस्पेन्शनच्या बैठकीपर्यंत नाई गेलं. कापून नवीन पत्रा वेल्ड करून देतो." काका थोडं थांबले. "या खेपेस जमते, साहेब. बैठकीपर्यंत गेलं असतं तं मीच म्हटलं असतं, सोडा आता."

या सगळ्या महिन्यांत मला पटलेली कसोटी हीच. वीस वर्षं की तीस, याला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही. आमच्या आठवणींनाही नाही, आणि हे म्हणताना मला जड जातं, कारण ताईची पाठवणी याच गाडीतून झाली आणि आईला मेडिकल रुग्णालयात नेलं तेही याच गाडीतून. पण आठवणीने ब्रेक लागत नाही. सांगाडा शाबूत आहे का आणि गाडीला आपण काय काम सांगतो, एवढं बघावं. आमच्या गाडीला एअरबॅग नाही, एबीएस नाही. समृद्धी महामार्गावर ताशी 120 ने गाड्या जातात, तिथे तिचं काही काम नाही. रामटेक, आदासा हेसुद्धा आम्ही आता बंद केलं. माझी मुलगी या गाडीत बसते ती फक्त गोकुळपेठेच्या बाजारापर्यंत. बाबांना ही अट मान्य व्हायला तीन आठवडे लागले.

(दृश्य : पीयूसी केंद्र. सायलेन्सरमध्ये नळी.)

धुराचं काय? ही बाजू मला टाळायची नाही. पीयूसीत आमच्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड 1.8 टक्के आला. तिच्या काळच्या गाड्यांना 3 टक्क्यांपर्यंत मुभा आहे, म्हणून ती पास झाली. बीएस-4 या उत्सर्जन मानकाच्या आणि त्यानंतरच्या गाड्यांना हीच मर्यादा 0.3 टक्के आहे. एकेका किलोमीटरमागे ही गाडी नव्या गाडीपेक्षा कितीतरी घाण हवा सोडते. तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ उभा होतो. ती वर्षाला अडीच हजार किलोमीटरच चालते, आणि नवी गाडी घडवायलाही पोलाद, वीज, कोळसा लागतोच, हे मी स्वतःला सांगितलं. ते खरंही आहे. पण ही गाडी रोज चाळीस किलोमीटर पळत असती, तर मी बाबांशी भांडलो असतो.

इंधनही तिच्या डोळ्यांदेखत बदलत गेलं. ती आली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं. फेब्रुवारी 2000 पासून ते देशभर बंद झालं. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे वहीतला अॅव्हरेज 16.5 वरून 15.3 वर आला. दुसरी गोष्ट, इथेनॉलने जुन्या जातीचा रबर फुगतो, मग तडकतो. काकांनी पेट्रोलचे सगळे पाइप बदलले, पंपाचा पडदा बदलला. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवायची नाही, टाकी रिकामी ठेवायची नाही. बाबा रोज सकाळी गाडी का काढतात, ते मला इतक्या उशिरा कळलं.

(दृश्य : रात्र. ट्यूबलाइटखाली वही. बोट आकड्यांवरून फिरतं.)

गेल्या पाच वर्षांचा दुरुस्तीखर्च, तळाच्या पत्र्यासकट: 58,400 रुपये. महिन्याला हजाराच्या आत. भंगाराचा भाव लागला होता 17,000. माझा भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, मी हप्ता भरतो, नवी घ्या." बाबा म्हणाले, "तू भरशील रे. पण मला आता नवीन गाडी शिकायची नाही." त्यांचं वय 76 आहे. क्लच कुठे धरतो, गिअर कुठे अडतो, हे त्यांच्या पायाला आणि हाताला ठाऊक आहे.

आईचं मत कोणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "गाडी खूप खाली आहे, माझे गुडघे दुखतात. पण हे सकाळी सहाला उठून बाहेर जातात ना, ते राहू द्या."

(दृश्य : फेब्रुवारी 2026. गिरीपेठ, आरटीओचं आवार. सकाळ.)

मुदत संपायला महिना आहे. उशीर केला तर महिन्याला 500 रुपये दंड, म्हणून बाबा आजच आले आहेत. नवी नंबर प्लेट लागली आहे. विमा, पीयूसी, शुल्काची पावती, पर्यावरण कराची पावती, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत.

बॉनेट उघडं आहे. इंजिनामागच्या पत्र्यावर चेसिस नंबर कोरलेला असतो. त्यावर कागद धरून शिसपेन्सिल घासायची, की आकडे कागदावर उमटतात. बाबा घासतात. सगळे आकडे येतात, शेवटचा येत नाही. तिथे मळ आणि थोडा गंज आहे.

मागे रांग आहे. कोणीतरी म्हणतं, "काका, आवरा ना."

बाबा खिशातून फडकं काढतात. डिकीत रॉकेलची छोटी बाटली आहे, ती मी आणून देतो. ते अंगठ्याने घासतात, फुंकर मारतात, पुन्हा घासतात. नवा कागद लावतात. पेन्सिल आडवी धरून हळूहळू फिरवतात.

शेवटचा आकडा येतो. सात.

निरीक्षक कागद बघतात, आरसी बघतात, गाडीभोवती एक फेरी मारतात. दाराखाली वाकून बघतात. मग बाबांकडे वळतात.

"चालू करा."

बाबा आत बसतात. चोक ओढतात.