पाण्यापलीकडचं कांदाटी खोरं

(दृश्य : तापोळ्याचा धक्का, सकाळ. बार्जवर चढणारी जीप, सिमेंटची पोती, गॅसच्या टाक्या.)

तापोळ्याहून बार्ज सुटते ती समोरच्या काठाला गाढवलीला लागते. तिथून पुढे कांदाटी खोरं. तालुका महाबळेश्वर, जिल्हा सातारा. डोंगराच्या कुशीत वाड्या दिसतात, पण निम्म्याशिम्म्या घरांना कुलूप. येणारा पाहुणा म्हणतो, किती दुर्गम मुलूख! पण या खोऱ्याच्या नशिबात आडबाजू मुळातून नव्हती. ती साठ वर्षांपूर्वी आली, पाण्यासोबत.

आधी खोऱ्याची ठेवण बघू. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना इथे दक्षिणेला वाहते. तिच्या पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग, आणि त्या रांगेच्या पायथ्याशी कांदाटी नदी. सोळशी, कांदाटी आणि कोयना यांचा त्रिवेणी संगम होता. आज तो कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली आहे. रांगेवर महिमंडणगड, चकदेव आणि ‘पर्वत’ याच नावाचा डोंगर. पर्वतावर जोम-मल्लिकार्जुनाचं दगडी देवस्थान, चकदेवला चौकेश्वर. पावसाळ्यात इथे चार महिने आभाळ फाटलेलं असतं. उतारावर नाचणी आणि वरी, खाली जमेल तिथे भात, रानातला हिरडा, मध. एवढ्यावर माणसं जगत आली.

(दृश्य : चकदेवची शिडी, खालून वर.)

रांगेच्या पलीकडे सरळ कोकण. चकदेवहून खेड तालुक्यातल्या आंबिवलीला उतरणारी ही वाट नीट पाहा. कड्याला लोखंडी शिड्या टेकवल्या आहेत. पूर्वी त्या लाकडी होत्या. एका हाताने पायरी धरायची, दुसऱ्या हाताने डोक्यावरचं ओझं, आणि पाठीमागे मोकळी दरी. बाजाराला, दवापाण्याला माणसं याच वाटेने उतरली आणि चढली. उत्तरेला हातलोटचा घाट आहे. घाटमाथा आणि कोकण यांची ये-जा अशा वाटांवरून चालायची, आणि खोरं त्या ये-जा करणाऱ्यांच्या रस्त्यावर होतं. शिंदीहून खेडकडे उतरणारा रघुवीर घाट गाडीरस्ता झाला तो पुष्कळ अलीकडे. दरडींमुळे पावसाळ्यात त्याचाही भरवसा धरता येत नाही.

हा सगळा जावळीचा मुलूख. आदिलशाहीच्या काळात इथे चंद्रराव मोऱ्यांचा अंमल होता. ‘येता जावळी, जाता गोवळी’, म्हणजे जावळीत आलात तर अडकलात, ही धमकी मोऱ्यांच्या नावावर सांगतात. ती अस्सल असो वा नसो, या रानाचं बळ तिच्यात बरोबर पकडलं आहे. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि पारघाटावर प्रतापगड बांधला. १६५९ साली अफझलखानाला याच झाडीत यावं लागलं. पुढे १८१८ साली इंग्रजांनी जुन्या वासोट्यावर तोफा चढवून नवा वासोटा किल्ला घेतला, तेव्हा इथलं लढाईचं पर्व संपलं.

(दृश्य : जलाशयाचा विस्तार, वरून.)

मग आलं कोयना धरण. हेळवाकजवळ १०३ मीटर उंचीची भिंत उभी राहिली. १९६२ साली वीज सुरू झाली, आणि पाणी जवळजवळ ५० किलोमीटर मागे तापोळ्यापर्यंत चढलं. हे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेऊन शेकडो मीटर खाली पोफळीला सोडतात. आज प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. महाराष्ट्रातल्या कारखान्यांमागे ही वीज आहे, आणि त्याबद्दल या खोऱ्याचे आभार आपण कधी मानलेले नाहीत.

नदीकाठची भातखाचरं, म्हणजे खोऱ्यातली सगळ्यात कसदार जमीन, बुडाली. शंभराच्या आसपास गावं उठली. कोणी ठाणे-रायगडला गेलं, कोणी सांगली-सोलापूरला. काही गावं तेवढी डोंगरावर सरकली. आज दिसतात ती बरीचशी तीच. राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ साली. म्हणजे ही माणसं घरं सोडून निघाली तेव्हा हातात धरायला कायदाच नव्हता. उरलेले हिशेब मागायला २०१८ साली हजारो धरणग्रस्त डॉ. भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते.

त्यात ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. कोयनेच्या भूकंपाने पावणेदोनशेच्या आसपास जीव घेतले. पुढे १९८५ साली कोयना अभयारण्य झालं, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. जंगल टिकलं ही मोठीच गोष्ट. पण पिकात गवा आणि रानडुक्कर उतरले की नाचणी काढायला उरते किती, हे शेतकऱ्यालाच विचारावं.

(दृश्य : उन्हाळा. उघडा पडलेला गाळ, त्यात चाललेलं काम.)

उन्हाळ्यात पाणी हटलं की लोक गाळपेर करतात. बुडालेल्या आपल्याच रानात हंगामापुरतं पीक घ्यायचं, पाणी चढायच्या आत उचलायचं.

एवढ्यावर घर चालत नाही. म्हणून तरुण मुंबईला गेले. माथाडीत ओझी उचलली, गाड्या चालवल्या. २०२२ साली मुख्यमंत्री झालेले एकनाथ शिंदे याच भागातल्या दरे गावचे. त्यांचंही घर ठाण्यात रुजलं. गावचं मंडळ मुंबईत असतं, देवळाची वर्गणी तिथे जमते, आणि जत्रेला कुलपं उघडतात.

(दृश्य : तापोळा-आहीर पुलाचं काम.)

आता शिवसागरावर तापोळा-आहीर पूल होतोय. आजारी माणसाला रात्री पलीकडे नेताना लाँचची वाट पाहायची वेळ ज्यांनी सोसली, त्यांना पूल म्हणजे काय हे सांगायला नको. सोबत ‘नवीन महाबळेश्वर’ गिरीस्थानाचा आराखडाही आला आहे. त्याच वेळी, २०२४ साली, खोऱ्यातल्या झाडाणी गावच्या शेकडो एकर जमिनीचं खरेदी प्रकरण राज्यभर गाजलं. रस्ता येतो तेव्हा जमिनीचा गिऱ्हाईकही येतो. गावठाण वाढवायला जागा कुठे, गाळपेरीचा हक्क कोणाचा, होमस्टे आणि होड्या गावकऱ्यांच्या की बाहेरच्यांच्या, याची लेखी उत्तरं ग्रामसभांनी आराखडा पक्का होण्याआधी मागून घ्यायला हवीत. धरणाच्या वेळी ती मागायची सोय नव्हती, आता आहे.