बिनकामाचं इंटरनेट

श्रोतेहो, नमस्कार.

विजेचं बिल, रेल्वेचं तिकीट, मुलांचा निकाल... इंटरनेटवर आपण बहुधा कामासाठी जातो. आज मात्र कसल्याच कामाच्या नसलेल्या, मुद्दाम तशाच बनवलेल्या साइट पाहू. कागद-पेन्सिल जवळ असू द्या.

सुरुवातीला सोपी म्हणजे 'द यूसलेस वेब'. टिम होलमन या प्रोग्रामरने ती २०१२ मध्ये सुरू केली. पानावर एक वाक्य आणि एक गुलाबी बटण, बस्स. बटण दाबलं की नव्या टॅबमध्ये कुठली तरी निरुपयोगी साइट उघडते, पुन्हा दाबलं की दुसरी. पत्ता म्हणजे हेच तीन शब्द इंग्रजीत सलग, मध्ये जागा न सोडता, पुढे डॉट कॉम. स्पेलिंग नीट तपासा. अशा पत्त्यांत एखादं अक्षर चुकलं की भलत्याच जाहिरातींच्या पानावर जाऊन पडायला होतं.

हे सगळं फोनवर करू नका. यातल्या बऱ्याच साइटची गंमत माउसच्या बाणावर उभी असते आणि फोनला बाणच नसतो. आवाज आधी कमी करा, कारण काही पानं उघडताक्षणी किंचाळतात. 'नोटिफिकेशन पाठवू का?' असं कुणी विचारलं तर नाही म्हणा. नुसत्या गमतीसाठी बनवलेल्या साइटला तुमच्या परवानगीची गरज काय? आणि हे मात्र गांभीर्याने ऐका. 'स्टॅगरिंग ब्यूटी' नावाच्या साइटवर एक काळा अळीसारखा प्राणी डुलत असतो. माउस जोरात हलवला की सगळा पडदा रंगीत झगमगाटाने लखलखतो. घरात कुणाला फिट येत असतील तर ही साइट उघडूच नका.

'पॉइंटर पॉइंटर' बघा. ॲम्स्टरडॅमच्या मोनिकर स्टुडिओची ही करामत. माउसचा बाण पडद्यावर कुठेही नेऊन थांबवा. क्षणभरात एक फोटो येतो आणि त्यातल्या माणसाचं बोट नेमकं तुमच्या बाणाकडे रोखलेलं असतं. बाण हलवा, दुसरा फोटो, दुसरा माणूस, बोट पुन्हा तिथेच. कोपऱ्यात लपवून बघा, तरी सापडतो.

पण जास्तीत जास्त वेळ खाणारी साइट म्हणजे 'पासवर्ड गेम'. नील अगरवाल यांनी ती जून २०२३ मध्ये आणली. नील डॉट फन या पत्त्यावर आहे. एक चौकट दिसते: पासवर्ड निवडा. निदान पाच अक्षरं हवीत, एक अंक हवा, एक कॅपिटल हवं. इथवर बँकेसारखंच. मग पाचवा नियम येतो: सगळ्या अंकांची बेरीज २५. पुढे महिन्याचं नाव, रोमन आकडे, बुद्धिबळातली सर्वोत्तम चाल... असे एकूण ३५ नियम, आणि नवा नियम जुन्याच्या मुळावर उठतो.

बहुतेक जण अडकतात ते बेरजेत. दहाव्या नियमात कॅप्चाची, म्हणजे तुम्ही माणूसच आहात ना हे तपासणाऱ्या वेड्यावाकड्या चित्रातली, अक्षरं पासवर्डात घालावी लागतात आणि त्यातले अंकही २५ मध्ये धरले जातात. मोठे अंक आले तर बदलाचं चिन्ह दाबून, अंक नसलेला किंवा बारके अंक असलेला कॅप्चा येईपर्यंत दुसरा मागत राहा. रोमन आकड्यांचा गुणाकार ३५ हवा असतो. त्यासाठी तीन एक्स आणि एक व्ही असे सलग लिहिले की एकटा ३५ उभा राहतो, गुणाकाराची भानगडच नाही. लीप वर्ष मागितलं की नुसता शून्य चालतो, बेरीजही बिघडत नाही. बाकी सगळं, महिना, देश, स्पॉन्सरचं नाव, बारक्या अक्षरांत लिहा. कारण अठराव्या नियमात मूलद्रव्यांच्या अणुक्रमांकांची बेरीज २०० लागते आणि तिथे कॅपिटल अक्षर मूलद्रव्य म्हणून मोजलं जातं. समजा घोड्याची चाल आली डी-५. बुद्धिबळाच्या लिपीत घोडा म्हणजे कॅपिटल एन, शेजारी डी. तुम्हाला वाटतं नायट्रोजन, ७. खेळ वाचतो निओडिमियम, ६०! शिवाय तो ५ तिकडे २५ च्या हिशोबात जातो तो वेगळाच.

दरम्यान पासवर्डातच पॉल नावाचं एक अंड्याचं चिन्ह सांभाळायचं असतं. विसाव्या नियमाला पासवर्डाला आग लागते. ज्वाळांची चिन्हं भराभर पुसा, अंड्याला धक्का लावू नका. ते जळालं की खेळ संपला. जळालेली अक्षरं पुन्हा लिहावी लागतात, म्हणून पासवर्डाची एक प्रत नोटपॅडमध्ये आधीच ठेवा. पुढे अंड्यातून पिल्लू निघतं, त्याला सुरवंट भरवत राहायचं. कमी पडले तर उपासमार, ढीगभर टाकले तर अतिभोजनाने मरण. पासवर्डाला असा जीव लावायची वेळ दुसरीकडे कुठे येणार?

आता एक अडचण. जुन्या विचित्र साइट बंद पडत जातात. जिओसिटीज या फुकट पानं बनवू देणाऱ्या सेवेवरची घरगुती पानं ऑक्टोबर २००९ मध्ये गेली. फ्लॅश या जुन्या तंत्रावर चालणारे खेळ ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीने १२ जानेवारी २०२१ पासून रोखले. ते पुन्हा चालवायला ब्राउझरमध्ये 'रफल' हे मोफत एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाका, बरेचसे चालतात. बंद पडलेल्या पानासाठी जुनी पानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हचं 'वेबॅक मशीन' आहे. तिथे पत्ता टाका, वर्ष निवडा, कॅलेंडर येईल. निळं वर्तुळ असलेली तारीख घ्या. हिरवं वर्तुळ म्हणजे पान दुसरीकडे वळवलेलं होतं, नारिंगी म्हणजे पान सापडलंच नव्हतं.

ही युक्ती वापरून बघायला 'मिलियन डॉलर होमपेज' उत्तम. २००५ मध्ये ॲलेक्स ट्यू या ब्रिटिश विद्यार्थ्याने एक हजार गुणिले एक हजार पिक्सेलचं, म्हणजे पडद्यावरच्या बारीक ठिपक्यांचं, पान काढलं आणि पिक्सेलला एक डॉलर या भावाने जाहिरातींना विकलं. निदान दहा बाय दहाचा तुकडा घ्यावा लागे. शेवटचे हजार पिक्सेल लिलावात गेले आणि एकूण १०,३७,१०० डॉलर जमले. पान अजून उभं आहे, पण त्यातल्या कितीतरी जाहिरातींचे पत्ते मेले आहेत आणि काही पत्ते नव्याच मालकांकडे गेले आहेत. म्हणून चित्रावर थेट क्लिक करू नका. राइट क्लिक करून लिंकचा पत्ता कॉपी करा, वेबॅक मशीनमध्ये टाका आणि २००६ साल निवडा.