मोह, सडवा आणि गावातल्या बाया

(दृश्य : पहाट. मोहाच्या झाडाखाली वेचणी.)

मार्च लागला की गडचिरोलीत माणसं टोपल्या घेऊन अंधारातच घराबाहेर पडतात. मोहफूल रात्रभर गळतं. ऊन चढायच्या आत वेचलं नाही, तर जनावरं फस्त करतात. म्हणून झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून, जाळून जागा मोकळी केलेली असते. फूल हातात घ्या. द्राक्षासारखं गुबगुबीत आहे आणि बोटांना चिकटतं, इतकी साखर असते त्यात. अंगणात वाळवलं की तपकिरी पडतं, मग भाकरीत जातं, लाडवात जातं, बैलांच्या पुढ्यातही जातं. गोंड-माडिया घरांत जन्म, लग्न, मरण, देवाचं काही असलं की मोहाची दारू लागतेच. ती घरापुरती काढतात. त्या दारूशी आमचं भांडण नाही.

(दृश्य : नाल्याकाठ. मातीतून उकरलेला निळा ड्रम.)

भांडण या ड्रमशी आहे. खड्ड्यात पुरलेला, वर पळसाचा पाला. आत मोहफूल, गूळ, नवसागर आणि पाणी. काही दिवस आंबलं की त्याचा सडवा होतो. फेस बघा कसा धरलाय. वास लांबूनच येतो. बाया ड्रम शोधतात ते नाकानंच. सडवा चुलीवर चढवायचा, वाफ नळीतून काढून थंड करायची, की पलीकडे दारूची धार लागते. विकायची दारू रात्री गाळतात, त्यामुळे आमच्या कॅमेऱ्याला फक्त राख आणि तीन काळे दगड मिळाले.

(दृश्य : गावसंघटनेच्या बाया. कुऱ्हाड.)

पदर खोचलेल्या या बायांत कुणी अंगणवाडीत काम करते, कुणी भाताच्या रोवणीला जाते. एक घाव बसला आणि सडवा नाल्याला लागला. काठावर उभा असलेला माणूस बघा, काही बोलत नाही. ड्रम कुणाचा, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

हे काही काल सुरू झालेलं नाही. १९८७ पासून इथे दारूविरुद्ध सभा झाल्या, गावोगाव ठराव झाले, डॉ. अभय आणि राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था त्यात होती. १९९३ मध्ये सरकारने जिल्ह्यात दारूबंदी केली. २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्तीच्या मोहिमेचं काम सुरू आहे, त्यातूनच अशा गावसंघटना उभ्या राहिल्या. १९९६ च्या पेसा कायद्याने आदिवासी गावांच्या ग्रामसभेलाही दारूवर बंधन घालायचा अधिकार दिला. बाकी महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे, आणि त्याप्रमाणे दारू प्यायला परवाना लागतो! किती जणांनी काढलाय, ते ज्याचं त्यानं सांगावं.

(दृश्य : वैनगंगेचा पूल. दुचाक्या.)

पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा. तिथल्या बाया २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेल्या होत्या. १ एप्रिल २०१५ ला बंदी आली, २०२१ मध्ये उठली. बंदीत अवैध विक्री वाढली, असं कारण दिलं गेलं. अवैध विक्री रोखायचं काम कुणाचं होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. आता दुकानं पलीकडे आणि गिऱ्हाईक अलीकडे, म्हणून या दुचाक्यांच्या डिक्क्या जड.

(दृश्य : दवाखान्याचा व्हरांडा. थरथरणारे हात.)

दारूने यकृत जातं, कॅन्सर होतो, अपघात होतात, घरात मारहाण होते. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाप्रमाणे देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि पावणेसहा कोटींना तिच्यापायी मदतीची गरज आहे. व्यसनात अडकलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळतो.

हा हात थंडीने हलत नाहीये. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की थरथर सुटते, झोप उडते, कुणाला फिट येते, कुणी भ्रमात बडबडतो. हे जिवावरही बेतू शकतं. म्हणून शपथ घालून किंवा खोलीत कोंडून सोडवायला जाऊ नका. पहिले काही दिवस डॉक्टरांच्या औषधावरच काढायचे असतात. तालुक्याच्या ठिकाणी व्यसनमुक्ती क्लिनिक भरतं, तिथे आणा. बहुतेकांना बायकाच घेऊन येतात, काही जणींनी सकाळी तोच नाला बघितलेला असतो.

(पडद्यावर : राष्ट्रीय नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६. फोन मोफत.)