स्वप्न आधी लिहा, अर्थ मागाहून

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘स्वप्नांचा अर्थ’. म्हणजे इथल्या निम्म्या लोकांच्या मनात एक प्रश्न नक्की असणार: स्वप्नात दात पडला तर घरातलं माणूस जातं का? नाही जात. दाताकडे शेवटी येतो, तोवर निर्धास्त बसा.

आधी माझी तक्रार. देवळाच्या पायऱ्यांशी आणि एसटी स्टँडवर पातळ पुस्तकं मिळतात. साप दिसला तर धनलाभ, लग्न दिसलं तर मर्तिक. आता तेच कोष्टक मोबाइलवर आलंय. ते अंधश्रद्धेचं आहे, ही माझी मुख्य हरकत नाही. हरकत ही, की स्वप्न कुणाला पडलं हे ते विचारतच नाही. काल उसाच्या फडातून नाग धरून बाहेर सोडणाऱ्या सर्पमित्राच्या स्वप्नातला साप आणि चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंच्या स्वप्नातला साप एकच कसा असेल?

याहून शहाणी रीत आपल्याकडे फार आधीपासून आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात, पाचव्या अध्यायात, स्वप्नांचे सात प्रकार दिलेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, हवंसं वाटलेलं, मनाने रचलेलं. हे पहिले पाच प्रकार वैद्याने निष्फळ समजावेत, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. दिवसा पडलेलं, अगदी छोटं किंवा फार लांबलेलं स्वप्नही तसंच. उरलं भाविक, म्हणजे पुढचं सुचवणारं, आणि दोषज, म्हणजे शरीरातल्या बिघाडातून येणारं. भाविकाबद्दल चरकांशी माझं जमत नाही, पण त्यांचा क्रम पाहा. काय दिसलं याआधी ते कुठून आलं हे विचारायचं. आपली म्हण ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ पहिले पाचही प्रकार एका ओळीत बसवते.

पण कुठून आलं हे विचारायला स्वप्न हाताशी लागतं ना? आणि ते चहा होईपर्यंतसुद्धा टिकत नाही. म्हणून माझा आग्रह एकच: आधी लिहा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण ऑटो लोवी यांचं. ते थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी ते अर्धवटच सांगितलं जातं. लोवी ऑस्ट्रियात ग्राझला औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. मज्जातंतूकडून हृदयाला निरोप जातो तो विजेने की एखाद्या रसायनाने, हा तेव्हाचा वाद. त्यांच्या आठवणीप्रमाणे १९२० सालच्या ईस्टरच्या आदल्या रात्री ते झोपेतून उठले, कागदाच्या चिटोऱ्यावर काहीतरी खरडलं आणि परत झोपले. सकाळी सहाला लक्षात आलं, की रात्री फार महत्त्वाचं लिहिलंय. पण स्वतःचंच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तीन वाजता तीच कल्पना परत आली. या वेळी त्यांनी कागदाचा नाद सोडला आणि तडक प्रयोगशाळा गाठली.

प्रयोग असा. बेडकाची दोन हृदयं काढून क्षारद्रावणात धडधडती ठेवायची. एकाला व्हेगस मज्जातंतू, म्हणजे हृदयाची गती मंदावणारा, जोडलेला, दुसऱ्याला नाही. पहिल्याच्या व्हेगसला विजेने उत्तेजन दिलं, त्याची गती मंदावली. आता त्याच्या भोवतालचं द्रावण उचलून दुसऱ्या हृदयाला दिलं. तेही मंदावलं! म्हणजे निरोप द्रावणातून गेला, रसायनाने गेला. १९२१मध्ये निबंध आला, १९३६मध्ये हेन्री डेल यांच्याबरोबर नोबेल मिळालं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन.

लोक इथे थांबतात आणि म्हणतात, बघा, स्वप्नात दृष्टांत झाला. पण लोवींनी स्वतःच माग काढून ठेवलाय. रासायनिक निरोपाची कल्पना त्यांनी १९०३मध्येच एका सहकाऱ्याजवळ बोलून दाखवली होती आणि मग विसरले. बेडकाच्या हृदयाची अशीच मांडणी त्यांनी स्वप्नाच्या थोडंच आधी वेगळ्या कामासाठी वापरली होती. स्वप्नाने या दोन गोष्टींची गाठ मारली. चरकांच्या भाषेत एक कल्पित आणि एक अनुभूत.

स्वप्न टिकत का नाही, ही याची दुसरी बाजू मला फार मोलाची वाटते. ज्या झोपेत सगळ्यात ठळक स्वप्नं पडतात, तिला रेम झोप म्हणतात. बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात ती. १९५३मध्ये शिकागोच्या युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी ती जगापुढे मांडली. ॲसेरिन्स्कींनी आपल्या आठ वर्षांच्या मुलाला डोळ्यांच्या हालचाली कागदावर नोंदवणाऱ्या जुनाट यंत्राला जोडून रात्र रात्र जागून काढली. एका रात्रीला सुमारे अर्धा मैल कागद लागे. लेखण्या थरथरल्या तेव्हा आधी यंत्रच बिघडलंय असं वाटलं, म्हणून दोन्ही डोळ्यांची नोंद वेगवेगळी घेतली. मग मोठ्या माणसांना उठवून विचारलं. डोळे फिरत असताना २७ वेळा उठवलं, त्यात २० वेळा तपशीलवार स्वप्न हाती लागलं. डोळे शांत असताना २३ वेळा उठवलं, तर १९ वेळा काहीच आठवेना.

या रेम झोपेत मेंदूत ॲसिटिलकोलीन भरपूर असतं, लोवींचंच रसायन! आणि नॉरॲड्रेनलिन हे दुसरं रसायन जवळजवळ बंद पडतं. आठवण पक्की करायला ते मदत करतं, म्हणून स्वप्न निसटतं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

आता कृती. ११ला झोपलात तर पहिली रेम साडेबाराच्या आसपास येते, पाच-दहा मिनिटांची. पुढे साधारण दर दीड तासाने येते आणि लांबत जाते; पहाटेची अर्ध्या तासाचीही असते. चारचा गजर लावणाऱ्याचा स्वप्नांचा मोठा वाटा बुडतो. रात्री दारू घेतली तर पहिल्या प्रहरांतली रेम दबते. नैराश्यावरची बरीच औषधंही ती दाबतात, पण म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत.

उशाशी वही आणि शिसपेन्सिल ठेवा. पडल्या पडल्या वही वर धरली की बॉलपेनची शाई उतरत नाही. जाग आली की हलू नका, कूस बदलू नका, डोळे मिटलेलेच ठेवा. शेवटचं चित्र धरा आणि उलटं मागे जा: त्याआधी कुठे होतो, त्याआधी कोण होतं? मग आधी नुसती नावं लिहा: विहीर, आत्या, ओली चप्पल. वाक्यं नंतर. वर्तमानकाळात लिहा. सर्वांत जास्त बिघडतं ते इथेच, कारण माणूस गोष्ट नीटनेटकी करायला लागतो. मधला दुवा आठवत नसेल तिथे रेघ मारून जागा सोडा, जोडकाम करू नका. आणि मोबाइलवर टिपू नका. पडदा उजळला, एखादा निरोप दिसला, की स्वप्न गेलं.

उजव्या पानावर स्वप्न, डावं पान कोरं. डाव्यावर संध्याकाळी लिहायचं, काय कुठून आलं ते. कालचा दिवस तपासा, आणि पाच ते सात दिवसांपूर्वीचाही. कारण काही गोष्टी आठवड्याने स्वप्नात उगवतात. तीन-चार आठवडे हे केलंत की मगच अर्थाला हात घाला.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे छापलेला विषय आता धावत.

अर्थ चिन्हात नसतो, पुनरावृत्तीत असतो. वहीत कोण वारंवार येतं, तिथे तुम्ही पळता की उभे राहता, ते मोजा. एकट्या स्वप्नाचा अर्थ लावू नका. तेच भीतिदायक स्वप्न परत परत पडत असेल, तर दिवसा जागेपणी त्याचा शेवट बदलून लिहा आणि नवं रूप रोज दहा-वीस मिनिटं मनात घोळवा. भयस्वप्नांवर हा तपासलेला उपचार आहे. मोठ्या आघातानंतरची असतील तर तज्ज्ञाच्या सोबतीनेच.

दोषज प्रकार मात्र आजही खरा आहे. रेम झोपेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात, म्हणून स्वप्नात धावलो तरी पाय हलत नाहीत. पन्नाशीनंतर कुणी स्वप्नात ओरडत, लाथा झाडत, शेजारच्याला मारत असेल, तर ‘बाबांना जुनी सवय’ म्हणून सोडू नका. ती पार्किन्सनसारख्या आजाराची कित्येक वर्षं आधीची खूण असू शकते. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, आणि तोवर पलंगाशेजारचं टोकदार फर्निचर हलवा.

आणि दात. इस्रायलमधल्या दोन संशोधकांनी २०१८मध्ये हा प्रश्न तपासला. दात पडल्याच्या स्वप्नांचा संबंध मानसिक त्रासाशी दिसला नाही. उठल्यावर दात-हिरड्या ठणकणं, अवघडणं याच्याशी दिसला. तेव्हा असं स्वप्न पडलं तर सकाळी जबडा दाबून पाहा, दुखला तर दातांच्या डॉक्टरांकडे जा. आणि डाव्या पानावर तारीख घाला.